अकरा दिवसांची बाग

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार. वरची बाग छाटली.

आज छाटणी झाली आणि नवी वही काढली. लोक जानेवारीत काढतात. आम्हा द्राक्षवाल्यांचं वर्ष छाटणीला सुरू होतं. त्या दिवसापासून बागेचं वय मोजायचं, मग घरात कुणी तारीख विचारत नाही. बाग किती दिवसांची झाली, एवढंच विचारतात. सोमनाथला बायकोच्या वाढदिवसाची तारीख कधी आठवत नाही, पण 'विरळणीच्या आधी चार दिवस' हे पक्कं ठाऊक. मोहिनी म्हणते, आई, तुमच्या मुलाने लग्न बागेशी लावायला हवं होतं.

ही माझी एकोणतिसावी वही. फवारणीची नोंदवही वेगळी, ती माल घेणाऱ्यांना दाखवावी लागते. ही कुणाला दाखवायची नाही. पहिल्या पानावर नाव लिहिलं, मालन खंडेराव. नाव लिहिताना उजवा अंगठा अजून आपोआप आत दुमडतो. वयाची सदतीस वर्षं तोच पुढे करत होते ना.

पेठहून आलेली टोळी चांगली आहे. त्यांची चिमणाबाई म्हणाली, "मावशी, तुमची कात्री आमच्यापुढं पळती." गोड खोटं बोलते, पण बरं वाटलं. खालची बाग मात्र अजून ओली आहे. विंचूरच्या बाजूला यंदा पाऊस हलायचं नाव घेईना. आठ दिवस थांबावं लागेल.

१२ ऑक्टोबर, रविवार. वरची आठ दिवसांची, खालची एक.

काल खालची बाग एकदाची छाटली. आज जे झालं त्याचा मला नीट अर्थ लागत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

खालच्या बागेच्या बांधावर आमची चिलिंगची खोली आहे. द्राक्षं तोडली की थंड करायला ठेवतात ती. दहा वर्षांपूर्वी जुना गोठा पाडून मी स्वतः उभी राहून बांधून घेतली. आता दोन वर्षं मशीन बंद आहे, रिकामे क्रेट ठेवतो. दुपारी सायलीला म्हटलं, दोन क्रेट आण गं. नात माझी, सतरा वर्षांची, बारावीला आहे. ती आत गेली. मी बाहेर चुलवणावर टोळीचा चहा ठेवला होता. चहाला उकळी आली तेवढ्यात बाहेर आली.

तोंड उन्हाने रापलेलं. केसात काटक्या. आणि चपलेला शेण.

"कुठं गेली होतीस?"

"आतच होते आजी."

"आत शेण कुठून आलं?"

आमच्याकडे पंधरा वर्षांत जनावर नाही. पोरगी माझ्याकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग म्हणाली, "तू केवढी बारीक होतीस गं. आणि केवढी भराभर चालायचीस."

तिला सावलीत बसवलं, गूळपाणी दिलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. कपाळ गार होतं. क्रेट आणलेच नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार. वरची नऊ, खालची दोन.

आज जेवण झाल्यावर सायली माझ्या खाटेवर येऊन बसली. "मी सांगते ते ऐकून घे. मध्ये बोलू नको."

तिचं म्हणणं असं. चिलिंगच्या खोलीचं दार आतून लोटलं आणि परत उघडलं की बाहेर तीस वर्षांपूर्वीचं आवार असतं. खोलीच्या जागी गोठा. तिथे दिवस घालवला तरी इथे चहाच्या उकळीएवढाच वेळ जातो. ती तिथे गेली तेव्हा तिथेही खालची बाग आदल्या दिवशी छाटलेली होती, इथल्यासारखीच. "ती खोली तारखेनं चालत नाही आजी. बागेच्या दिवसानं चालते."

"आणि मी आजोबांना पाहिलं."

हे म्हणजे सोमनाथचे वडील. सायलीच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी गेले.

"काय करत होते?"

"बांधावर बसले होते. मला म्हणाले, कुणाच्या घरची गं तू? पँट गुडघ्यावर फाटलीय, घरात सुईदोरा नाही का?"

मी हसले. ती फाटकी पँट पैसे देऊन तशीच आणली आहे, हे त्यांना कोण सांगणार. सायलीच्या कपाटात जाडजूड पुस्तकं आहेत. त्यातली पोरं अशीच मागच्या काळात जातात, पुढच्या काळात जातात, राजा वाचवतात, आगी विझवतात. तिलाही तसं एक लिहायचं आहे, मागेच म्हणाली होती. मी म्हटलं, लिही, छान जमलंय.

"आजी, मी गोष्ट सांगत नाहीये. त्यांच्या कानावर अर्धी विझलेली बिडी होती."

होतीच. कायम असायची. फोटोत नाही ती, फोटोत तर टोपी आहे. मी कधी सांगितलं असेल का हिला? सांगितलं असेल. या वयात काय बोललो आणि काय नाही याचा धरबंध राहत नाही.

मग तिने विचारलं, "ते गेले तेव्हा बाग किती दिवसांची होती?"

"वरची अकरा."

मला तारीख तेव्हा कळतच नव्हती. दाखल्यावर आहे ती नंतर वाचली. पण त्या दिवशी वरच्या बागेतल्या काडीवरचे कोंबांचे डोळे नुकते कापसासारखे फुगले होते, मी ते बघत उभी होते आणि खालून विहिरीकडून ओरडा आला. हात ओले होते यांचे. मोटरीच्या पेटीत करंट उतरला होता. बेचाळिसावं वर्ष.

"अकरा," सायली म्हणाली. "म्हणजे परवा."

परवा काय, ते विचारायचं राहिलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार. वरची अकरा, खालची चार.

पोरीने कॉलेज बुडवलं. मोहिनीला सांगितलं प्रॅक्टिकल रद्द झालं, आणि शिरली खोलीत. मी दारातच बसले होते, तांदूळ निवडत. अर्धं सूपही झालं नसेल, बाहेर आली. नाक लाल, भूक लागलेली, आणि माझ्यावरच चिडलेली.

"दिवसभर मोटरीजवळ बसले. काही झालं नाही. ते आले, पेटी उघडली, मोटर चालू केली, गेले. दोनदा मला हुसकावलं. तू दिवस चुकीचा सांगितलास."

आता मात्र मला लागलं. "वरच्या बागेचा तो दिवस मी विसरेन? स्वतःचं नाव विसरेन एक वेळ."

ती भाकरी तोडता तोडता थांबली. "आजी, त्या वर्षी वरची छाटल्यावर किती दिवसांनी खालची छाटली?"

"तीन. गावातलीच माणसं होती, पाऊस नव्हता, लगोलग झालं."

"आणि यंदा सात."

"यंदा ओल होती म्हणून."

ती बोटं मोजायला लागली आणि तोंड उजळलं तिचं. खोली उभी आहे खालच्या बागेच्या बांधावर, म्हणून ती चालते खालच्या बागेच्या दिवसाने. आज खालची चार दिवसांची, तर तिथेही चारच. तिथे वरची तेव्हा सात दिवसांची. म्हणजे ती चार दिवस आधीच पोचली. ज्या दिवशी तिथे वरची अकरा, त्या दिवशी खालची आठ. इथे खालची आठ होईल रविवारी.

मोजणी मला लगेच कळली. आमच्या घरातलं कुठलंही पोर करील ती. कशासाठी मोजतो आहोत, ते तेवढं धड कळलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

मोहिनी म्हणाली, "आई, तुम्हीच तिला डोक्यावर बसवता. बारावी आहे तिची." सोमनाथ म्हणाला, "दोघी मिळून त्या खोलीत काय करता? मशीन दुरुस्त करताय का?" मी म्हटलं, हो. त्याला वडिलांचा आवाज आठवतो का, विचारावंसं वाटलं. पंधरा वर्षांचा होता तो. नाही विचारलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वरची तेरा, खालची सहा.

सायलीने आज विचारलं, "आजोबा कसे होते?" मी म्हटलं चांगले होते. वहीत तरी खरं लिहावं.

हसायचे तेव्हा अख्खं अंग हलायचं. बागेवर जीव. सोमनाथला खांद्यावर घेऊन तारा ओढायचे. मला बाजारातून काही आणलं तर आधी पिशवीत लपवायचे आणि मी शोधत बसले की खूश. वाईट नव्हते. पण गावात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग आला होता, बायका पाटी घेऊन जायच्या. मी पण जाते म्हटलं. तर म्हणाले, "तुला कशाला? बागेत काय मणी वाचून दाखवणार आहेस?" रागाने नाही, हसत म्हणाले. मीही हसले. पाटी शेजारणीला देऊन टाकली.

ते गेल्यावर पंधरा दिवसांत फवारणी आली. दुकानदाराने दोन डबे दिले होते, एक वेलीचा, एक तणाचा. डबे सारखेच. सोमनाथ शाळेत. मी दोन्ही डब्यांपुढे उभी. शेवटी एक उचलला. तीन ओळी जळाल्या, पानन्‌पान. त्या जळालेल्या ओळीत बसून मी शेजारच्या पोराचं पहिलीचं पुस्तक मागून आणलं आणि अक्षरं गिरवायला लागले. कुणी शिकवलं नाही. डबे, बस, बाजारच्या पाट्या, जे दिसेल ते वाचत गेले.

हे सगळं सायलीला सांगितलं. म्हटलं, "ते असते तर मी शिकलेच नसते. कशाला शिकते? डबे ते वाचायचे."

पोरीचं तोंड एकदम पडलं. "म्हणजे तुझ्या या वह्यापण नसत्या?"

"वह्या कुठून येतील?"

न जेवता उठून गेली. मी काय बोलले असं?

१९ ऑक्टोबर, रविवार. वरची पंधरा, खालची आठ.

सकाळ आहे. चिलिंगच्या खोलीसमोर क्रेट पालथा घालून बसले आहे. सायली समोर बुटांच्या नाड्या बांधते आहे. आज पँट नाही, मोहिनीचा जुना पंजाबी ड्रेस घातला आहे, ओढणीसकट. हातात मांडवाची कोरडी बांबूची काठी.

मघाशी म्हणाली, "आजी, आज मी त्यांना वाचवायला जातेय. पण आधी तुला विचारायचंय. ते वाचले तर तू अशी राहणार नाहीस."

"म्हणजे मरेन का?"

"नाही गं. असशील. पण तुला लिहिता येणार नाही. वाचता येणार नाही. आणि येत होतं हे आठवणारपण नाही."

"आणि ते असतील?"

"असतील."

"मग विचारतेस काय? जा."

असं मी म्हटलं. लगेच म्हटलं. माणूस एका पारड्यात आणि वह्या दुसऱ्या पारड्यात, तोंडातून दुसरं काय निघणार? पोरीने मान डोलावली आणि बूट घ्यायला गेली. तेव्हापासून मला कसंतरी होतंय. तिने अजून एकदा विचारायला हवं होतं. दोनदा विचारलं असतं तरी मी जाच म्हटलं असतं, पण मध्ये जरा थांबून म्हटलं असतं.

म्हणून तिला म्हटलं, दहा मिनिटं दे, लिहून घेते.

खेळ आहे का हा? खेळ असेल तर काही बिघडत नाही, दुपारी इथेच बसून स्वतःला हसेन. पण चपलेचं शेण खरं होतं. बिडी खरी होती. आणि खरंच असेल तर, देवा, मला त्यांचा आवाज आता नीट आठवत नाही. तीस वर्षं झाली. यांच्यासोबत संसार केला अठरा वर्षं, यांच्याशिवाय तीस. वह्यांशी बोलले जास्त. ज्या बाईला मी घडवलं तिला पुसून टाकायचं आणि ज्या माणसासाठी आकांत केला त्याला आणायचं. आनंद व्हायला पाहिजे. होतोय पण. मग डोळ्यांतून पाणी कशाचं येतं?

सोमनाथला वडील मिळतील. एवढंच धरून बसावं.

सायली म्हणते ही वही तिच्याबरोबर आत नेते. तिच्याजवळ असेल ते बदलत नाही, जशी ती बदलत नाही. बाकीच्या अठ्ठावीस घरात आहेत. आणायला वेळ नाही, दिवस उजाडून वर आला, ते नऊच्या सुमाराला मोटरीवर जायचे.

तारीख वर घातली आहे. बागेचे दिवस घातले आहेत. नाव पहिल्या पानावर आहे.

हात पुढे केलाय तिने. देते.

१४ नोव्हेंबर.

मी मालन. हे मी लिहिले. सायलीने हात धरला नाही.

३० नोव्हेंबर.

सायली रोज शिकवते. दिवाळीपासून. मी म्हटले या वयात कशाला. ती ऐकत नाही.

दिवाळीच्या आधी ती गोठ्यातून आली. हे ओट्यावर बसले होते. ती यांना बघून हसली. मग मला म्हणाली, आजी नाव लिही. मी म्हटले मला कुठे येते. तर रडली. खूप रडली. हे म्हणाले, पोरीला कॉलेजात कोणी बोलले काय?

बाग ५७ दिवस. मणी ज्वारीएवढे.

१८ डिसेंबर.

आता मोठं लिहिते. वेळ लागतो पण येतं.

या वहीत आधी कुणीतरी लिहिलेलं आहे. अक्षर सुरेख, सरळ. सायली म्हणते याच वहीत पुढे लिही. मला बरं वाटत नाही. परक्या बाईच्या वहीत तिला न विचारता लिहायचं म्हणजे तिच्या चुलीवर स्वयंपाक केल्यासारखं.

सायली संध्याकाळी ती वही वाचून दाखवते. मी ऐकते, हेही ऐकतात. ऐकत नाही असं दाखवतात. त्या बाईचं नाव पण मालन. तिचा नवरा पण खंडेराव. मी म्हटलं, ही कुठली गं? सायली म्हणाली, इथलीच होती.

तिचा नवरा मोटरीवर करंट लागून गेला. वाईट वाटलं. आमच्या यांचंही तसंच झालं असतं. ते दर वर्षी सांगतात. पेटीला हात लावणार, तेवढ्यात कुठून एक पोरगी आली आणि मनगटावर काठी हाणली. हे मागे पडले. तिने ओढणीने यांचे हात पुसले, म्हणाली, पेटीत करंट आहे, आधी वायरमन बोलवा. आणि गोठ्याकडे गेली ती गेलीच. हे म्हणतात ती विहिरीतली आसरा होती. म्हणून वरची बाग अकरा दिवसांची झाली की आम्ही विहिरीवर हिरव्या बांगड्या ठेवतो. सासूबाईंनी सुरू केलं.

सायली म्हणाली, "आजोबा, आसरेच्या पायात बूट असतात का?"

हे म्हणाले, "तू पाहिलंस का मी पाहिलं? चिखलात काय अनवाणी येईल ती?"

दिवाळीपासून पहिल्यांदा पोरगी पोट धरून हसली.

पण मधूनच गोठ्याचं दार आतून लावते आणि परत उघडते. आमच्या म्हशी बुजतात. काय शोधतेस विचारलं तर म्हणते काही नाही. खालच्या बांधावर एक खोली होती म्हणते. तिथे कधीच खोली नव्हती. खालची बाग तर यांनी कधीच काढली, तिथे कांदा असतो.

११ जानेवारी २०२६, रविवार. बाग ९९ दिवस.

आज घरात एक बोलणं झालं ते लिहिते.

सायली वाचत होती, त्या बाईने चिलिंगची खोली बांधून घेतली ते. हे म्हणाले, "थापा. एकटी बाई बाग सांभाळती, खोली बांधती, वर वही लिहिती. काहीतरीच."

मी म्हटलं, "तुम्ही नसता तर मी पण केलं असतं."

हे हसले. यांचं हसणं म्हणजे सगळं अंग हलतं. "तू? तुला बाजारात धड भाजी निवडता येत नाही." मला पण हसू आलं. मग थांबलं. आपोआप थांबलं. का, ते कळलं नाही. यांना पण कळलं नाही, पण हसायचे बंद झाले.

मग सायलीने ते पान वाचलं, दोन डबे आणि तीन ओळी जळाल्या ते. सोमनाथ पण उभा होता.

हे उठले. वाटलं बाहेर चालले. तर औषधांच्या फळीवरून दोन डबे घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवले. "वाच," म्हणाले.

अक्षरं बारीक. माझा चष्मा यांचाच जुना आहे. मी एकेक अक्षर लावत गेले. घाम आला. सायली सांगायला गेली तर यांनी तिला हाताने थांबवलं. पहिला वेलीच्या भुरी रोगाचा होता. दुसरा तणाचा. दोन्ही बरोबर आले.

हे बराच वेळ डबे हातात धरून उभे होते. "गावात तो वर्ग आला होता बघ," म्हणाले. डबे जागेवर ठेवून आले. तणाचा आता वेगळ्या फळीवर ठेवला आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. तोडा संपला.

आता सायलीची परीक्षा आहे, म्हणून तिची वाट बघत नाही. वही माझी मी वाचते. बोट ठेवून वाचते, पण वाचते.

आज त्या बाईचं शेवटचं पान वाचलं. सायलीने हे पान आम्हाला कधी वाचून दाखवलं नव्हतं. तिथवर आली की म्हणायची, पुढे काही नाही. पुढे होतं.

ती बाई क्रेटवर बसून लिहिते. तिची नात कुठेतरी निघाली आहे. ती नातीला जा म्हणते, आणि मग लिहिते की हिने अजून एकदा विचारायला हवं होतं. नवरा परत येणार म्हणून आनंद आहे, आणि तरी रडते. मला सगळं कळलं नाही. नवरा मेलेला कसा येणार, आणि तो आला तर बाई का जाणार? डोकं चालेना. पण ती रडते ते कळलं. तिच्या अक्षरात कळतं. बाकी वही सरळ आहे, शेवटच्या पानावर ओळी खाली उतरत गेल्या आहेत.

सायली अभ्यास करत होती. तिला पान दाखवलं. म्हटलं, "या बाईचं पुढे काय झालं?"

तिने पेन खाली ठेवलं.

"तुला माहीत होती ना ती?"

"हो."

"चांगली होती?"

"तुझ्यासारखीच होती. जरा भांडकुदळ."

"मग तिला परत का नाही विचारलं कुणी?"

पुस्तकावर डोकं ठेवून बसली पोरगी. मी तिच्या केसांतून हात फिरवला. म्हणाली, "मला भीती वाटली आजी. परत विचारलं आणि ती नको म्हणाली तर? म्हणून नाही विचारलं." मग म्हणाली, "आजोबा हवे होते मला. आणि ती पण हवी होती."

मी म्हटलं, "ती परत येईल का?"

"माहीत नाही. दार सापडत नाही."

सापडेल म्हटलं. कसलं दार ते मला ठाऊक नाही, पण रडणाऱ्या पोराला दुसरं काय म्हणायचं?

संध्याकाळी वही घेऊन ओट्यावर बसले. तिचं शेवटचं पान संपतं तिथे लगेच माझं वेडंवाकडं सुरू होतं. 'मी मालन. हे मी लिहिले.' तिची जागाच घेतली मी. ती आली आणि तिला पुढचं लिहायचं असलं तर? माझी आधीची पानं आता मागे नेता येत नाहीत. पण इथून पुढे तरी जागा ठेवावी. म्हणून मागच्या नोंदीनंतर दहा पानं कोरी सोडली आणि आजचं हे त्यानंतर लिहायला घेतलं.

हे शेजारी बसून बघत होते. "कोरी पानं का टाकते? कागद वाया."

"ती बाई परत आली तर लिहील कुठं?"

यांनी वही घेतली. कोरी पानं एक एक करून उलटली. मला वाटलं आता हसणार.

"दहात काय होतंय तिचं?" म्हणाले. "लय बोलकी बाई दिसते."

मी आणखी दहा सोडली.